पोटापुरती जमीन : सोलापूर जिल्ह्याचा विचार

गावाकडे थोडी जमीन घ्यावी, ज्वारी, भाजीपाला आणि दोन जनावरे यांवर कुटुंब चालवावे आणि वाईट वर्ष आले तरी कोणापुढे हात पसरू नये, असा विचार अलीकडे अनेक शहरवासीयांच्या मनात येतो. आमच्या शुक्रवार पेठेतही नळाचे पाणी चुकले की तो हमखास ऐकू येतो. सोलापूर जिल्हा या हेतूस कितपत योग्य आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. परंतु येथे सरासरी हा शब्दच फसवा आहे. १९७२ साली याच जिल्ह्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये याच जिल्ह्यातील पंढरपुरात भीमेचे पाणी शिरले. शिवाय आपला भरवशाचा पाऊस येतो तो सप्टेंबरात. म्हणून येथील खरे पीक खरिपाचे नव्हे, रब्बीचे. हस्ताच्या आगेमागे पेरलेली ज्वारी पुढे जवळजवळ पाऊस न पाहताच, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला मालदांडी वाण याच कामाचा. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, तेही ही ओल कशी धरून ठेवावी यासाठीच.

तेव्हा प्रश्न पाऊस किती पडतो हा नसून, पडलेला कोठे साठतो हा आहे. खोल काळी जमीन हाच येथील पहिला हौद. मंगळवेढे तालुक्यात हे स्पष्ट दिसते. गावाभोवतालची काळी रान ज्वारीसाठी प्रसिद्ध. त्याच तालुक्याच्या दक्षिणेकडील हलक्या माळरानाच्या गावांचा पाणीप्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा. एका तालुक्याला एकच शेरा देता येत नाही, मग जिल्ह्याला कोठून देणार?

दुसरा साठा धान्याचा. दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडली, ही कथा मंगळवेढ्याचीच. भक्तीचा भाग बाजूला ठेवला तरी, उघडण्याजोगे कोठार तेथे होते हे विसरू नये. घरोघरचे कोठार म्हणजे पेव. जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचे अस्तर, वर मातीने बंद केलेले तोंड. (पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये. कोंडलेल्या हवेने माणसे दगावली आहेत.)

आता थोडा हिशेब. माणशी रोज अर्धा किलो धरल्यास पाच जणांना वर्षाला सुमारे ९ क्विंटल ज्वारी लागते. कोरडवाहू एकरी ३ क्विंटल धरले तर तीन एकर. आणि पुढचे वर्ष बुडणार असे गृहीत धरले तर सहा. पाण्याचे गणित अधिक कठीण. हजार चौरस फूट छपरावर अर्धा मीटर पाऊस पडला तर ४६ हजार लिटर होतात, पण दुष्काळात निम्मेही हाती येणार नाहीत. तरी पिण्या-स्वयंपाकास माणशी २० लिटर धरता पाच जणांचे उन्हाळ्याचे चार महिने १२ हजार लिटरांत निघतात. म्हणजे हौद हवा, आणि तो घराआधी बांधावा. घराबद्दल एवढेच की, १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनीच पुष्कळ माणसे गाडली.

कालव्याकाठी जमीन घ्यावी असे बहुतेक जण सुचवितात. आम्हांस ते पटत नाही. उजनीने १९८० नंतर जिल्ह्याचे रूप पालटले हे खरे. पण त्या पाण्यावर उसाचा, कारखान्यांचा आणि शहरांचाही हक्क आहे. २०१५-१६ आणि २०२३-२४ मध्ये धरणाचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर दिवस काढावे लागले. अशा वर्षी ऊसवाल्याच्या घरात पैसा असेल, पण ज्वारी विकतचीच.

जमीन पाहावयास पावसाळ्यात जाऊ नये. तेव्हा सारीच रान हिरवी दिसते. वैशाखात जावे, विहिरीत दोर किती सोडावा लागतो ते पाहावे, आणि गावात कडब्याच्या गंजी किती उरल्या आहेत त्या मोजाव्यात.