दुबईहून ‘पाकिस्तानी सूट’ मागवू का?

प्रश्न : भाचीला लग्नात ‘पाकिस्तानी सूट’ हवाय. इकडच्या दुकानांतले खरे नसतात, असं ती म्हणते. नणंद दुबईत असते. तिला पार्सलनं पाठवायला सांगितलं तर चालेल का?
– एक वाचक, वेळापूर (जि. सोलापूर)

उत्तर : ताई, पार्सल मागवू नका. माल दुबईहून आला म्हणजे तो दुबईचा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. कस्टम मात्र तो बनला कुठे ते पाहतं. २ मे २०२५ पासून पाकिस्तानात बनलेल्या मालाची आयात भारतानं पूर्ण बंद केली आहे, तिसऱ्या देशातून येणारीसुद्धा. त्याआधी, २०१९ पासून, त्यावर २०० टक्के शुल्क होतं. नणंदबाईंनाही बॅगेतून आणायला सांगू नका. ऐन लग्नघाईत विमानतळावर अडकायला नको. ‘खाडी’सारख्या पाकिस्तानी ब्रँडची दुकानं दुबईत आहेत, पण ती तिथं राहणाऱ्यांच्या सोयीची.

भाचीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आपल्याकडे या नावानं विकले जाणारे बरेचसे सूट सुरतेत बनतात. त्यात कमीपणा काहीच नाही. ‘पाकिस्तानी’ ही तिथं एक धाटणी झाली आहे : लांब, सरळ कमीज, सैल सलवार, मोठा दुपट्टा. अशा सूटांसाठी वापरतात ते लॉन म्हणजे तलम सुती कापड, तेही इथं मिळतं. मी तर न शिवलेला सूट घेऊन ओळखीच्या टेलरकडून मापात शिवून घ्या म्हणेन. या कपड्याची शान उंचीत आणि बाहीच्या बसण्यात असते. शिवण्याआधी कापड भिजवून घ्या. ‘ओरिजनल’ म्हणून ऑनलाइन आगाऊ पैसे मागणाऱ्यांना मात्र एक रुपयाही देऊ नका.