नव्या रीतीचा प्रसार : चामराजपेट आणि प्लेगची लस

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस चामराजपेट नावाची वसाहत आहे. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडेयर यांच्या नावाने ती १८९२ मध्ये आखण्यात आली. जुन्या पेटेत व्यवसायाव्यवसायाच्या गल्ल्या, भिंतीला भिंत लागलेली घरे आणि उजेडाची टंचाई. येथे मात्र रस्ते आधी आखले गेले आणि घरे मागाहून उभी राहिली. घरांच्या पाठीमागे सफाईसाठी निराळे बोळ ठेवण्यात आले. आज ह्याचे कोणास नवल वाटणार नाही. त्या काळी बाजार, देऊळ आणि भाऊबंदांचा शेजार सोडून मोकळ्यावर राहावयास जाणे ही एक नवी रीतच होती.

१८९८ च्या ऑगस्ट महिन्यात गाठीचा प्लेग रेल्वेच्या वाटेने बंगळुरात शिरला. दाट वस्तीच्या पेटेत त्याने हाहाकार उडविला. त्यानंतर बसवनगुडी व मल्लेश्वरम् ह्या वसाहती आखल्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईतही शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. चामराजपेटेत सहा वर्षांपूर्वी जी कल्पना रुजली होती, तिला आता बळ मिळाले. मोकळे घर डोळ्यांना दिसते, त्यात येणारा वारा अंगाला लागतो. त्याचा लाभ कोणी व्याख्यान देऊन सांगावा लागत नाही.

ह्याच साथीवरील दुसऱ्या उपायाची कथा निराळी आहे. वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस ती दिली, तेव्हा टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण बरेच कमी आढळले. तरीही लोक लशीपासून दूर राहिले. असे का व्हावे? लोक अडाणी होते, हे उत्तर सोपे आहे. पण ते पुरे पडत नाही.

लस टोचली की ताप येई व दंड सुजे. हा त्रास त्याच दिवशी कळे. लाभ मात्र न होणाऱ्या आजाराच्या रूपाने मिळावयाचा. आणि जे घडलेच नाही ते शेजाऱ्यास दाखविणार कसे? प्रतिबंधक उपायांचा प्रसार सर्वत्र मंद असतो, त्याचे एक मोठे कारण हेच. शिवाय ही लस ज्या सरकारच्या हातून येत होती, त्याच सरकारचे सैनिक पुण्यात रँडच्या अंमलाखाली घरोघर शिरून झडत्या घेत होते. देवघरापर्यंत बूट घालून येणाऱ्याच्या हातातील सुई औषधाची आहे, हे मानावयास मन धजत नाही. मुंबईत आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतःस लस टोचून घेतली, तेव्हा त्या समाजातील भीड पुष्कळ चेपली. लस तीच होती. ती घेणारा माणूस आपला होता.

दुर्वार्तेला मात्र असा आप्त लागत नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी लशीच्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू मिसळले आणि १९ माणसे दगावली. हाफकिनवर ठपका आला. तो १९०७ मध्ये दूर झाला. मुंबईच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले.

समाजशास्त्रज्ञांनी ह्या विषयाचा पद्धतशीर अभ्यास पुढे केला. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे कसे पसरले, ह्याविषयी रायन व ग्रॉस यांचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. बियाण्याची वार्ता शेतकऱ्यांस बहुधा विक्रेत्याकडून कळे, परंतु निश्चय होई तो शेजाऱ्याचे शेत पाहून. प्रथम एखाद्या तुकड्यात पेरून पाहण्याची सोयही होती. एवढे असूनही पहिली वार्ता आणि पहिला पेरा यांत सरासरी नऊ वर्षे गेली. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये अशा अनेक अभ्यासांची सांगड घातली. नवी गोष्ट अधिक लाभाची आहे काय, जुन्या समजुतींशी ती जुळते काय, समजावयास सोपी आहे काय, थोडक्यात करून पाहता येते काय, आणि तिचे फळ इतरांस दिसते काय, ह्या पाच प्रश्नांवर तिची गती अवलंबून असते, असे त्यांनी दाखविले. प्लेगची लस थोडक्यात करून पाहण्याजोगी नव्हती आणि तिचे फळही दिसणारे नव्हते.

येथे एक गोष्ट नोंदली पाहिजे. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहावे, हे आपल्याकडील खेडुतांस कोणा शास्त्रज्ञाने शिकविले नव्हते. उंदरांचा आणि रोगाचा संबंध त्यांनी पाहिलेला होता. उंदराच्या अंगावरील पिसवा रोग माणसापर्यंत आणतात, असे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखविले. पण बहुतेक शास्त्रज्ञांनी ते मानले नाही. १९०५ पासून प्लेग आयोगाने मुंबईत गिनीपिगांवर प्रयोग केले, तेव्हा कोठे ते मत मान्य होऊ लागले. आयोवाच्या शेतकऱ्यांस लागली, जवळजवळ तितकीच वर्षे त्या विद्वानांसही लागली.