घरच्या बारला स्टूल कोणतं?

प्रश्न : घरी छोटा बार केलाय, काउंटर ४२ इंच उंच. गावरान बाजाची लाकडी स्टुलं हवी आहेत. काय बघून घेऊ? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी टेप, मग लाकूड. बैठक आणि काउंटर यांत १० ते १२ इंच अंतर लागतं, म्हणजे तुम्हाला ३० इंची स्टूल. २४-२६ इंची स्टुलंही ‘बार स्टूल’ म्हणून खपवली जातात. ती ३६ इंची ओट्यासाठी. पाय टेकायला दांडी हवीच, नाहीतर अर्ध्या तासात मांड्या भरून येतात.

लाकडात जुना सागवान पहिला. पाडलेल्या वाड्याची तुळई मिळाली तर सोनंच. फक्त कापण्याआधी खिळे काढून घ्या, सुताराच्या करवतीवर दया करा. बाभूळही दणकट, बैलगाड्यांना चालली ती. मात्र कडेचा फिकट भाग नको, भुंगा तिथंच शिरतो. आंबा स्वस्त, पण कीडरोधक प्रक्रिया केलेलाच घ्या.

चामड्याची बैठक कोल्हापूरला शोभते खरी, पण इथल्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते. मी किंचित खोलगट लाकडी बैठकच घेईन. लोखंडी पाय हवे असतील तर शिवाजी उद्यमनगरात करून घ्या आणि खाली रबर लावा, नाहीतर फरशीवर ओरखडे पडतील.