‘करावं लागतं’ म्हणजे कोणाला लागतं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या इंदूरमध्ये लग्नसराई सुरू होते. बायपासवरची मॅरेज गार्डन आधीच बुक झालेली असतात आणि सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं : “एकच तर मुलगी आहे, करावं लागतं.” आजचा अभ्यास या ‘लागतं’वर आहे.

आधी हिशोब मांडू. धरा, लग्नासाठी आठ लाखांचं कर्ज काढलं. वर्षाला 12 टक्के व्याज, मुदत पाच वर्षं. हप्ता महिन्याला जवळजवळ 17,800 रुपये येतो आणि फिटेपर्यंत 10 लाख 68 हजार जातात. म्हणजे 2 लाख 68 हजार नुसतं व्याज. पाहुणे जेवून, फोटो काढून रात्री अकराला घरी गेले. हप्ता मात्र साठ महिने येत राहणार. तोवर जावई घरात रुळलेला असतो, नातवंडं शाळेत जायला लागलेली असतात, आणि स्टेजवरच्या फुलांचा रंग कोणता होता हे कोणालाच आठवत नाही.

हिशोब सगळ्यांनाच कळतो हो. अडतं दुसरीकडेच. मागच्या सत्संगात एका ताईंनी विचारलं, “मी साधं लग्न करीन, मला लाज नाही. पण उद्या मुलीला सासरी ऐकावं लागलं तर?” प्रश्न खरा आहे आणि त्याला झटकन उत्तर देऊन मोकळं होणं बरोबर नाही. नावं ठेवतील ही भीती आपल्यापुरती असते तेव्हा माणूस सोसतो. ती मुलांवर येणार म्हटलं की भलेभले मोडतात.

गाडगेबाबांची गोष्ट अशा वेळी आठवावी. तेव्हा ते ‘बाबा’ नव्हते. वऱ्हाडातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी राहून शेतात राबणारे डेबूजी होते. वडील दारूपायी गेलेले. पुढे मामाची जमीनही सावकाराच्या घशात गेली. कर्ज कसं घर खातं ते त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पहिल्या मुलीचं बारसं आलं. जातीचा रिवाज असा, की भाऊबंदांना दारू आणि मटणाचं जेवण द्यायचंच. डेबूजींनी गोडाचं जेवण वाढलं. आज ऐकायला ही गोष्ट लहान वाटते. पण त्या काळी जातीची पंगत म्हणजे सगळं जग होतं. त्याच लोकांत पुढे मुलीला द्यायचं होतं, त्यांच्याच खांद्यावरून शेवटी जायचं होतं. ताईंच्या मनातली भीती त्या घरातही असणारच. तरी त्यांनी रिवाज मोडला, आणि पाहुण्यांना उपाशी पाठवलं नाही, पोटभर गोड खाऊ घातलं. मला यातलं हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. 1905 साली घर सोडल्यावर पुढे आयुष्यभर ते कीर्तनातून सांगत राहिले, की कर्ज काढून सण-समारंभ करू नका, तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र चिंध्यांचा अंगरखा आणि हातात मडकं, एवढ्यावर राहिले.

आता आपल्या घरची गोष्ट. इंदूरहून महेश्वर काही लांब नाही, आपल्यापैकी बहुतेकांनी अहिल्यामातेचा वाडा पाहिला असेल. राजवाडा पाहायला म्हणून गेलेल्या मुलांचा तिथे थोडा हिरमोड होतो. लाकडी खांब, बसायची साधी गादी, देवघर. एवढ्यावरून 1767 ते 1795 होळकरांचं राज्य चाललं. काशी, सोमनाथ, गया इथली मंदिरं, ठिकठिकाणचे घाट आणि धर्मशाळा यांना त्यांनी हात सैल सोडून पैसा दिला. तो खासगीतून दिला. पेशव्यांनी 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना जी खासगी जहागीर दिली होती, ती पुढे अहिल्यामातेकडे आली. राज्याचा पैसा वेगळा आणि खासगी वेगळी. घरात सुद्धा असे दोन डबे वेगळे ठेवता आले तर किती भांडणं टळतील!

पतीच्या मागे त्या रंगीत वस्त्र नेसल्या नाहीत आणि गळ्यातल्या एका लहानशा माळेखेरीज दागिना घातला नाही, असं जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने 1823 च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. कोणी म्हणेल, त्या काळी विधवेला दुसरं काही नेसता येतच नव्हतं. बरोबर आहे. म्हणून मला माल्कमने दिलेली दुसरी गोष्ट मोठी वाटते. एका ब्राह्मणाने अहिल्यामातेची स्तुती करणारा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग, एवढ्या स्तुतीला मी पात्र नाही, असं म्हणून तो नर्मदेत टाकायला लावला. लिहिणाऱ्याकडे पुन्हा लक्ष दिलं नाही.

आपण खर्च करतो तो नुसता भीतीने करतो असं नाही. “वा, काय थाट होता!” हे ऐकण्यासाठीसुद्धा करतो. भीती आपण कबूल करतो, ही हौस कबूल करत नाही. स्टेटसला फोटो टाकून कोणी कोणी पाहिला ते दर दहा मिनिटांनी बघणं हा तोच स्तुतिग्रंथ आहे, फक्त तो आपण स्वतःच लिहितो.

ताईंच्या प्रश्नाकडे परत येतो. मे 2025 मध्ये पुण्याजवळ एका सुनेचा जीव गेला. ती बातमी सगळ्यांनी वाचली. लग्न थाटात झालं होतं. सोनं दिलं होतं, महागडी गाडी दिली होती. त्या देण्याने मुलगी वाचली नाही. ज्यांना ऐकवायचंच असतं त्यांचं तोंड दागिन्यांनी बंद होत नाही, उलट पुढची मागणी येते. म्हणून खर्चाची बोलणी ही सासरची परीक्षा समजा. “आमचं बजेट एवढं आहे” म्हटल्यावर व्याह्यांचा चेहरा कसा होतो, ते साखरपुड्याच्या आधीच पाहून घ्यावं. मुलीसाठी ते केटररच्या मेनूपेक्षा कामाचं आहे.

त्या घटनेनंतर अहिल्यामातेच्या जन्मजिल्ह्यात, अहिल्यानगरला, मराठा समाजाने बसून लग्नाची आचारसंहिता ठरवली : पाहुणे शे-दोनशेच, डीजे नको, प्री-वेडिंग नको. ती कितपत पाळली जाईल हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. पण एकट्या घराने साधं लग्न केलं तर लोक ‘परिस्थिती नसेल’ म्हणतात. दहा घरांनी केलं तर ती रीत होते. आपले हे कुटुंबांचे ग्रुप नाहीतरी दुसऱ्या कशासाठी आहेत? सुप्रभातची फुलं पाठवायला?

या आठवड्याचा अभ्यास असा. ज्यांच्या घरी येत्या वर्षात कार्य आहे त्यांनी, नवरा-बायको दोघांनी, गार्डन बघायला जाण्याआधी रात्री बसून एक आकडा कागदावर लिहावा : कर्ज न काढता, म्हातारपणाची ठेव न मोडता किती होतं. मुलगा किंवा मुलगी कमावती असेल तर तिलाही बसवा, पुष्कळदा मुलांनाच एवढा थाट नको असतो. कागद देवापुढे ठेवा. आकडा बदलायचा असेल तर तो देवापुढूनच उचलून बदलावा लागेल, घाईत डेकोरेटरच्या दुकानात उभं राहून नाही.

ज्यांच्या घरी कार्य नाही त्यांच्याकडे याहून अवघड काम आहे. दुसऱ्याच्या लग्नातून आल्यावर “पनीर बेतानंच होतं” हे वाक्य गाडीत बसल्यावरही बोलायचं नाही.

आणि आहेर. पाकिटात 501 घालावे की 1100, यावरून घरोघरी होणारी चर्चा थांबवण्यासाठी प्रत्येक ग्रुपने एकच आकडा ठरवावा, सगळ्यात कमी मिळकतीच्या घराला सहज जमेल असा. तो आकडा काढताना त्या घराचं नाव ग्रुपवर येऊ देऊ नका. ज्येष्ठांनी फोनवर बोलून ठरवावं आणि गुरुवारच्या आरतीनंतर सांगावं.

जय गुरुदेव 🙏