मनाचे निंदण

मंडळी, पीक पेरावे लागते. तण पेरावे लागत नाही. ते आपोआपच उगवते. मनाचेही तसेच आहे. वाईट सवय कोणी मुद्दाम लावून घेत नाही. चांगली सवय मात्र पेरावी लागते, आणि तरुणपणीच पेरावी लागते.

आपल्या वऱ्हाडातला डेबू हा असाच एक तरुण. त्याचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, सन १८७६ चा. बाप दारूपायी गेला. डेबू अकोला जिल्ह्यात दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. गुरे राखली, वावरात राबला. पण मामांनी सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता. कागदात काय लिहिले, ते घरात कोणालाच वाचता येत नव्हते. शेवटी जमिनीवर गदा आली.

पुढे डेबूच्या घरी मुलीचे बारसे निघाले. अशा वेळी जातभाईंना दारू-मटणाचे जेवण द्यायची चाल होती. न द्यावे तर लोक नावे ठेवतील! डेबूने भीड धरली नाही. त्याने सर्वांना गोड जेवण वाढले. लोक रागावले, पण डेबू डगमगला नाही. हाच डेबू पुढे गाडगेबाबा झाला. १९०५ साली त्याने घर सोडले, तेव्हा तो तिशीच्या आतच होता. ज्या गावी जावे, तिथे आधी खराटा घेऊन गाव झाडावे, मग भाकर खावी आणि रात्री कीर्तन करावे, हा त्याचा नेम. हा नेम त्याने १९५६ साली देह ठेवीपर्यंत चालवला.

आता आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही तर शिकलेले. पंचविशीत असताना ओळखीच्या एका माणसाने कागद पुढे केला. आम्ही वाचू लागलो, तर तो म्हणाला, “वाचून काय करता बाप्पा? घरचाच कागद आहे.” आम्हाला भीड पडली. सही करून मोकळे झालो. आणि दुसऱ्याच्या कर्जाला जामीन होऊन बसलो! दोन वर्षे आमच्या घरच्या कापसाचा पैसा त्यात गेला. घरधनीणीने एवढेच विचारले, “मग तुमच्या सहीत आन् अंगठ्यात फरक काय?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हा आम्हाला उमगले. अक्षर ओळखता आले, म्हणजे सारे झाले असे नाही. मनातली भीडही निंदावी लागते. ती एका दिवसात जात नाही. निंदले तरी तण पुन्हा येते, मग पुन्हा निंदायचे.

मंडळी, आता तुम्हालाही वाचता येते. कोणी कागद पुढे केला, तर दोनच शब्द बोला : “वाचून सांगतो.” समोरचा खरा असेल, तर थांबेल. खोटा असेल, तर रागावेल. दोन्हीकडून तुमचेच भले आहे.

आज हे दोन शब्द पाटीवर पाच वेळा लिहा. आणि मोठ्याने म्हणा.