फेला सोवांदे यांचें ऑर्गन-संगीत

नायजेरिया देशांतील योरुबा लोकांच्या भाषेंत ‘ओको’ असा एक शब्द आहे. त्याचीं दोन्ही अक्षरें मध्यम सुरांत उच्चारिलीं तर त्याचा अर्थ नवरा. दुसरें अक्षर चढवून म्हटलें तर कुदळ. उतरवून म्हटलें तर वाहन. आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवून पुढील विवेचन वाचावें.

एकोणिसाव्या शतकांत या भाषेंत ख्रिस्ती गीतांचीं भाषांतरें झालीं, पण चाली इंग्रजीच राहिल्या. शब्दास चढावयाचें असे तेथें चाल खालीं उतरे, आणि अर्थाचा अनर्थ होई. हेतु चांगला असला तरी ही चूक लहान नव्हे, असें आम्हांस वाटतें. प्रार्थनेंतील शब्दच पालटला तर प्रार्थना राहिली कोठें? पुढें लागोस येथील ख्राइस्ट चर्च कॅथीड्रलचे ऑर्गनवादक एकुंदायो फिलिप्स यांनीं बोलण्यांतील चढउतारास धरून नव्या चाली बांधिल्या.

फेला सोवांदे (१९०५–१९८७) हे त्यांचेच शिष्य. त्यांनीं लंडनांत अध्ययन केलें, तेथें जाझही वाजविलें, आणि १९४३ सालीं ते रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्सचे फेलो झाले. १९५८ सालीं प्रसिद्ध झालेली त्यांची ‘ओयिगियिगि’ ही रचना पाहूं. आरंभीं प्रस्तावना, मग योरुबा लोकगीताची चाल, आणि तदनंतर त्या चालीचीं निरनिराळीं रूपें, अशी तिची मांडणी युरोपीय वळणाची आहे. सोवांदे अशा चालींखालीं जी स्वरसंगति योजितात, तींत अर्ध्या अर्ध्या सुरानें सरकणारे स्वर पुष्कळ असतात. तीही विलायतेंतील शिक्षणाचीच देणगी.

ठेक्याची गोष्ट मात्र अवघड आहे. ढोलावर कमीअधिक जोर देऊन ठेका उठवितां येतो. ऑर्गनची पट्टी कितीही जोरानें दाबली तरी आवाज तेवढाच. (विद्यार्थ्यांनीं हें पेटीवर करून पाहावें, मात्र भाता एकसारखा चालवावा.) म्हणून कोठें स्वर लांबवून, कोठें तोडून, कोठें क्षणभर थांबून ठेका दाखवावा लागतो. वादकानें घाई केली कीं सारेंच बिघडतें.

पण ऑर्गनांत शब्दच नाहींत, तर चढउतार जपावयाचे कशास, असें कोणी विचारील. योरुबांचा ‘दुंदुन’ नांवाचा ढोल आहे. तो खांद्यास अडकवून काखेंत धरितात; त्याच्या दोऱ्या आवळल्या कीं सूर चढतो, सैल सोडल्या कीं उतरतो, आणि ऐकणारांस त्यांतून वाक्यें समजतात. त्याच कानांनीं योरुबा श्रोता ऑर्गनवरील ही चाल ऐकतो. गाणारा कोणी नसतांही त्यास शब्द ऐकूं येतात.