पोराच्या हाती स्टिअरिंग देण्याआधी



एरवी या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी आणि पाचट यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात हमखास विचारणा होते, "साहेब, पोरगं हाताशी आलं. गाडी घरीच शिकवू, का क्लास लावू?" मुलींसाठीही आता हाच प्रश्न येतो, ही चांगली गोष्ट आहे. त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटले.

आधी आमची एक चूक कबूल करतो. काही हंगामांपूर्वीची गोष्ट. एका सभासदाचा ऊस तोडून, ट्रॉली भरून तयार होती. ड्रायव्हर तापाने झोपला. ऊस वाळत होता, सभासद हैराण. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा, नांगरट अशी करायचा की मोठ्यांनी बघत राहावे. आम्हीच म्हणालो, "काट्यापर्यंतच तर जायचंय, बसवा त्याला."

कॅनॉलच्या पुलाच्या चढावर पुढची गाडी थांबली, म्हणून हाही थांबला. पुन्हा निघताना भरलेल्या ट्रॉलीने ट्रॅक्टर मागे ओढला. पोराने घाबरून ब्रेक दाबला, पण एकाच बाजूचा. शेतात बांधाला वळताना दोन ब्रेक सुटे ठेवतात. रस्त्यावर येताना ते पट्टीने एकत्र जोडायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. ट्रॅक्टर आडवा फिरला, ट्रॉली चारीत गेली. पोराचा हात मोडला. मागे कुणी मोटरसायकलवाला नव्हता म्हणून तेवढ्यावर निभावले.

त्या पोराला ट्रॅक्टर येत होता, रस्ता येत नव्हता. ही दोन शिक्षणे वेगवेगळी आहेत, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

वयाचा हिशेब

अपक्व बेणे आपण लावत नाही. वाहनाचेही तसेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर मोटार किंवा ट्रॅक्टर चालवायला १८ वर्षे पूर्ण लागतात. माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या परिवहन वाहनाला २० वर्षे लागतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. आपल्या दारातली स्कूटर बहुधा १०० सीसीच्या वरची असते. तिला हा परवाना चालत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. "मला माहीत नव्हतं" हे मालकाला सिद्ध करावे लागते. चावी आपणच दिली असेल तर काय सिद्ध करणार? शिवाय परवाना नसलेल्या हाती अपघात झाला, तर विम्याचा प्रश्न उभा राहतो आणि भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो.

शिकण्याचे तीन मार्ग

१) घरी शिकवणे. खर्च कमी, वेळ आपल्या हातात. पण आधी शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. गाडीला पुढे-मागे लाल 'एल' अक्षराची पाटी हवी आणि परवानाधारक माणूस शेजारी असा बसलेला हवा की वेळ पडली तर गाडी त्याला आवरता येईल. आता सांगा, ट्रॅक्टरवर शेजारची सीट कुठे आहे? मडगार्ड ही सीट नव्हे. म्हणजे रस्त्याचे पहिले धडे ट्रॅक्टरवर देताच येत नाहीत, ते मोटारीवरच द्यावे लागतात. दुसरी अडचण अशी की घरी आपल्या खोडीसुद्धा पोराच्या अंगी लागतात. बाप इंडिकेटर न देता वळत असेल, तर लेकही तसाच वळणार.

२) तालुक्याचे ड्रायव्हिंग स्कूल. नियमाप्रमाणे इथे किमान २१ दिवस शिकवावे लागते आणि प्रत्यक्ष गाडी चालवणे १० तासांपेक्षा कमी चालत नाही. गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक हवेत.

३) मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र. ही सोय जुलै २०२१ पासूनच्या नियमांनी आली. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा, चार आठवड्यांच्या आत पुरा करायचा. त्यात २१ तास प्रत्यक्ष आणि ८ तास वर्गात. इथे उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयाची वाहन चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. पण अशी केंद्रे दर तालुक्याला नाहीत. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च धरूनच ठरवावे.

आमचे मत असे: जवळ केंद्र असेल, किंवा पोरगं पुढे गाडीवरच पोट भरणार असेल, तर तिसरा मार्ग उत्तम. बाकी बहुतेक घरांना दुसरा आणि पहिला मिळून बरा पडतो. रस्ता शाळेत शिकावा आणि सराव घरच्यांच्या नजरेखाली करावा. नुसता पहिला मार्ग मात्र धरू नये.

शाळा कशी पारखावी

बेणे घेताना आपण प्लॉटवर जाऊन, कांडी हातात घेऊन बघतो. इथेही फी विचारून परत येऊ नका, एक सकाळ तिथे थांबा आणि एवढे बघा:

(अ) परिवहन कार्यालयाचा शाळेला दिलेला परवाना आहे का, आणि त्याची मुदत संपली तर नाही ना.

(आ) गाडीत दुहेरी क्लच-ब्रेक आहेत का, आणि ते चालतात का.

(इ) एका फेरीला किती पोरे बसवतात. हिशेब सोपा आहे. रोज अर्धा तास स्टिअरिंग हाती आले, तर २१ दिवसांत साडेदहा तास होतात. तासाच्या फेरीत चार पोरे असली की प्रत्येकाला पाव तास, म्हणजे सगळे मिळून सव्वापाच तास. फी पूर्ण आणि शिक्षण निम्मे. तासांची नोंदवही दाखवा म्हणावे.

(ई) कुठून फिरवतात. फक्त मोकळ्या रस्त्यावर, का बाजाराच्या गर्दीतून आणि चढावरूनही? चढावर थांबून पुन्हा गाडी काढणे शिकवतात का, हे मुद्दाम विचारा.

(उ) "पोराला यायचीसुद्धा गरज नाही, परवाना घरपोच देतो," असे कुणी म्हणाले तर तिथून उठा. परवाना मिळेल, पण चढावर तो कागद ब्रेक दाबत नाही.

शिक्षण संपल्यावर 'नमुना ५' मधला दाखला मागून घ्यावा.

परवान्यानंतरचा सराव

शाळेचे दहा तास म्हणजे लागणीचा बेसल डोस. पुढचे हप्ते घरी द्यायचे असतात. कायद्यात ७,५०० किलोपर्यंत रिकामे वजन असलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनातच धरला आहे. पण परवाना हाती आला म्हणून दुसऱ्याच दिवशी भरलेली ट्रॉली देऊ नये. आधी रिकामा ट्रॅक्टर, मग रिकामी ट्रॉली, मग दिवसाउजेडी थोडा भार, आणि रात्रीची वाहतूक सर्वांत शेवटी. भाड्याच्या वाहतुकीचा विचार तर विसाव्या वर्षाआधी नकोच.

ट्रॅक्टरचे चार नियम पोराकडून पाठ करून घ्या:

• रस्त्यावर चढण्याआधी दोन्ही ब्रेकची पट्टी जोडणे.

• चढ किंवा उतार लागण्याआधीच गिअर कमी करणे. मध्यावर गिअर बदलायचा नाही आणि उतारावर न्यूट्रल कधीच नाही.

• मडगार्डवर किंवा ट्रॉलीच्या जोडावर कुणालाही न बसवणे.

• ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावणे आणि बंद पडलेली ट्रॉली रात्री रस्त्यात तशीच न सोडणे.

मोटारीवर बसणाऱ्याला आणखी एक हिशेब द्या. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला ११ मीटर, म्हणजे सुमारे ३६ फूट जाते. ब्रेककडे पाय नेईपर्यंतच एवढे अंतर संपते. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते. हे ट्रॉलीच्या मागून येणाऱ्या पोराला कळले, तर कितीतरी घरे वाचतील.

शेवटचे सांगायचे ते आमच्याच खात्याविषयी. हंगामात घाई सर्वांनाच असते. तोडणीची चिठ्ठी आली, टोळी ताटकळली की भलतेसलते सल्ले तोंडून निघतात. आमचाही निघाला होता. ऊस एक दिवस वाळला तर वजनात तूट येते, ती पुढच्या वर्षी भरून काढता येते. त्या पोराचा हात जुळला, पण थंडीत अजून दुखतो, असे तो परवा म्हणाला. आता तो एकवीस वर्षांचा आहे आणि पट्टी जोडल्याशिवाय ट्रॅक्टर गेटाबाहेर काढत नाही.

म्हणून विनंती एवढीच की गाळप सुरू होण्याआधी, हातात वेळ आहे तोवर, पोरापोरींच्या शिक्षणाचे ठरवा. आणि हंगामात शेतकी खात्यातला कुणीही, अगदी आम्ही स्वतःसुद्धा, "बसवा पोराला" असे म्हणालो, तर हे पान पुढे धरा.

आपला,
ऊस विकास अधिकारी